एक खोखा कमी

"हिची वेणी सोडा पहिले."

सिनियर असं म्हणाली आणि दोन पोरींनी माझ्या डोक्यातल्या पिना काढल्या. रेंजवर, भर उन्हात, सगळ्या कॅडेट पोरींसमोर. जाळी काढली. केस सुटले. एकीनं बोटं घालून झाडून पाहिले, उवा पाहतात तसे. मग खिसे. मग बूट. मग मोजे. मी मुरमावर अनवाणी उभी.

यवतमाळच्या कॉलेजात मी एनसीसीत होते. राळेगावकडच्या बंजारा तांड्यावरची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली. त्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी फायरिंग होतं. ज्यांचा नेम चांगला, त्यांची नावं नागपूरच्या टीममध्ये जाणार होती. माझ्या गोळ्या टार्गेटवर रुपयाखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या होत्या. नाव माझं येणारच होतं.

फायरिंग संपलं की रीत ठरलेली. बोल्ट उघडा, चेंबर रिकामं दाखवा, नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवा. डागलेल्या गोळीचं रिकामं पितळी नळकांडं मागे उरतं, त्याला खोखा म्हणतात. सगळे खोखे गोळा करून मोजायचे. मग एकेकीनं उस्तादांसमोर ओरडायचं, "मेरे पास कोई राउंड, कोई खोखा नहीं है, उस्ताद!" एक खोखा कमी भरला तरी रेंज सोडता येत नाही.

एक कमी होता.

ओरडून सगळ्यांनी सांगितलं होतं. मीही. उस्ताद म्हणजे आम्हाला शिकवणारे फौजी हवालदार. ते रांगेकडे पाहत उभे होते. तेवढ्यात सिनियर बोलली. तिच्या वडिलांची कापसाची जिनिंग होती, कॉलेजच्या संस्थेतही ते होते.

"उस्ताद, त्या तांड्यावालीले पाहा ना. यायले पितळ दिसलं का राहवत नाही. ओढणीले शिवतेत."

रांग हसली. माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, ओढणीला आरसे आहेत, कवड्या आहेत. सगळं तिनं स्वतः टाचलेलं. त्यात चोरीचं काही नाही.

उस्ताद हसले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. "देख लो," एवढंच.

राग आला असं लिहायला पाहिजे. आला नाही. काहीच आलं नाही. डोक्यात नुसता पहिल्या दिवशीचा धडा चालू होता: हातात आलेली प्रत्येक रायफल भरलेलीच समजा. कोणी 'रिकामी आहे' म्हटलं तरी मानू नका, बोल्ट उघडून स्वतः बघा. प्रत्येक रायफल. आणि त्या अख्ख्या रांगेत भरलेली समजली गेली ती मी एकटी.

माझ्याजवळ काही सापडलं नाही. मी मोजे चढवत होते. सिनियरनं दुमडलेली बाही खाली सोडली आणि दगडावर टिण्ण वाजलं. खोखा. फायर करताना उडून तिच्याच बाहीच्या घडीत बसला होता.

"अगं बाई! माह्याच जवळ होता का!"

रांग पुन्हा हसली. या वेळी उस्तादही. तिचे खिसे कोणी पाहिले नाहीत.

"चलो, फिर से बोलो सब."

पोरी एकेक ओरडत गेल्या. माझी पाळी आली. मी गप्प.

"बोल."

"नाही बोलत, उस्ताद."

"क्या?"

"पहिले बोलली होती मी. तुम्ही मानलं नाही. आता सर्वांची झडती घ्या. तिच्यापासून. मग बोलीन."

सिनियर म्हणाली, "एवढं काय मनाले लावून घेतं वं? मजाक केली."

मी हलले नाही. केस तसेच सुटे. आम्हाला परत नेणारा ट्रक चालू झाला, बंद झाला, परत चालू झाला. पोरी मला शिव्या देऊ लागल्या. उस्ताद ओरडले, मग समजावू लागले. झडती त्यांनी घेतली नाही. माझ्या तोंडून ते वाक्य न वदवताच मला घेऊन ट्रक निघाला, आणि टीममधून माझं नाव गेलं. कारण सांगितलं, बेशिस्त.

डिग्री घेतली. आज पोलिसात आहे. रायफल माझ्या नावावर आहे. रेंजवर मी ठणकावून सांगते, माझ्याजवळ काही नाही, कारण तो नियम सर्वांना आहे. पण खोखा कमी भरला आणि रांगेतून एकच माणूस बाहेर काढला, तर तो कोणीही असो, मी तोंड उघडणार नाही. झडती रांगेच्या पहिल्या माणसापासून होईल. नाहीतर ट्रक चालू ठेवा. मी उभी आहे.