मागून आलेली वाक्यं

वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी आजवर फक्त हसायला वाचत आलो. पिंपळाखालची बाई, उलट्या पावलांचा म्हातारा, गाडीला हात दाखवणारी नवरी... गोष्टी रचणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे कुणी कुठे तिखटमीठ लावलंय ते मला पहिल्या दोन ओळींत कळतं. देव मी मानत नाही, भूत तर नाहीच नाही. तरी लिहितोय, कारण आजवर ज्या दोघा-तिघांना हे सांगितलं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, यावर एक एपिसोड होईल!"

मी टीव्हीसाठी संवाद लिहितो. गाव उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. मुंबईत पंधरा वर्षं काढली, पण तिथे माझी ओळख एवढीच, की मालिकेत एखादा गमतीशीर नोकर हवा असला की मला फोन येतो. "तुमच्या त्या भाषेत लिही ना, मजा येते."

गेल्या वर्षी एका चॅनेलला शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या कादंबरीवर मालिका हवी होती. कौटुंबिक, विनोदी, आणि वर साहसी. कादंबरीचं नाव सांगत नाही. गोष्ट अशी, की पळून गेलेल्या जावयाला शोधायला एक अख्खं घर बैलगाडीत बसून सातपुड्यात शिरतं आणि स्वतःच हरवतं. आजोबा, तीन सुना, त्यांचे नवरे आणि एक शेळी. चॅनेलने बैलगाडीची मिनीबस केली. शेळी ठेवली.

मी तीन आठवड्यांत तेरा भाग लिहून दिले. सगळे म्हणाले, काय स्पीड आहे! स्पीड कसला, आयत्या बिळावर नागोबा. ती कादंबरी मी आजही पूर्ण वाचलेली नाही. माझ्यासमोर होती ती मोठेबाबांची वही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अडीच एकरात वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि पहाटे चिखलीच्या बाजारात नेऊन विकायचे. याच कादंबरीचं त्यांनी गावच्या यात्रेसाठी तीन अंकी नाटक केलं होतं, सगळं वऱ्हाडीत. तीस वर्षं दर यात्रेला ते नाटक झालं आणि तीस वर्षं मोठेबाबा विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत राहिले. स्टेजवर कधी आले नाहीत. त्यांची एक पद्धत होती. हशा येणार असेल त्या वाक्याआधी नटाला हळूच सांगायचे, "दम धर." दोन श्वास जाऊ द्यायचे आणि मग वाक्य द्यायचे. लोक हसून हसून सतरंजीवर लोळायचे. टाळ्या मात्र नटाला. याबद्दल त्यांची तक्रार कधी ऐकली नाही, पण यात्रा मंडळाच्या पत्रिकेत 'रूपांतर' म्हणून दरवर्षी सरपंचाचं नाव छापून यायचं, तेव्हा ते पत्रिका घडी करून खिशात ठेवायचे आणि दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. हे मी लहानपणापासून पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मालिकेचं ठरल्यावर मी ते सांगायला गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उशीखालून वही काढून माझ्या छातीशी धरली. मी म्हणालो, "मोठेबाबा, टीव्हीवर तुमचं नाव येईन. मोठ्या अक्षरात." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं नव्हतं ते. वहीच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले आणि वही त्यांची त्यांना परत दिली.

पुढे चॅनेलने करार पाठवला. त्यात एक रकाना होता... 'मूळ कादंबरीखेरीज अन्य साहित्याचा आधार घेतला असल्यास'. मी तिथे 'निरंक' लिहिलं. लिहिताना स्वतःला समजावलं, की श्रेयनामावलीत मोठेबाबांचं नाव घालायचं ते नंतर बोलू. नंतर म्हणजे कधी, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही होतं.

वऱ्हाडीचं काय झालं तेही सांगतो. चॅनेलच्या क्रिएटिव्ह बाईंनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं, "वऱ्हाडी फक्त ड्रायव्हर आणि आचारी बोलतील. आजोबा वऱ्हाडी बोलले तर त्यांना कोण सीरियसली घेईल?" उंद्रीत जन्मलेला मी समोर बसून मान डोलावत होतो. घरी येऊन वहीतल्या आजोबांचा शब्दन् शब्द पुणेरी केला.

शूटिंग संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मार्च महिना, दुपारचे अडीच, डोक्यावर रणरणतं ऊन. मिनीबस बंद पडलीय, सगळे एकमेकांच्या नावाने बोटं मोडतायत आणि आजोबा तोंड उघडतात, असा सीन. आजोबांचं काम करणारे नट ज्येष्ठ, जन्म मुंबईतला, वऱ्हाडी ओ की ठो येत नाही. त्यांना वाक्यं पाठ होत नाहीत, म्हणून कॅमेऱ्याशेजारी उभं राहून प्रॉम्प्ट करावं लागतं. त्या दिवशी असिस्टंटला ऊन लागलं होतं, म्हणून कागद माझ्या हातात आला.

मी वाक्य दिलं, "आपण वाट चुकलो नाही, वाटच आपल्याला चुकली."

ते गप्प. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा देणार तोच ते बोलले, आणि जसं आमच्याकडचा म्हातारा बोलेल तसंच बोलले...

"आपुन काही रस्ता चुकलो नाही बे. रस्त्यालेच आपला कंटाळा आला, तो निंगून गेला."

अख्खं युनिट फुटलं. लाइटवाले हसले, सुना हसल्या, डायरेक्टर कट म्हणायचं विसरला. मी मात्र भर उन्हात गार पडलो. ते वाक्य वहीतलं होतं. स्क्रिप्टमध्ये ते कधी आलंच नव्हतं. मी कुणाला दाखवलेलं नव्हतं, कुणाशी बोललेलो नव्हतो.

मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, हे वाक्य कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? तूच दिलंस की मागून."

"मी तुमच्या समोर उभा होतो, सर."

त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. "मग मागे कोण आहे? एक म्हातारा आवाज. आधी म्हणाला, दम धर. मग वाक्य दिलं. छान देतो रे तो, वेळ बरोबर साधतो. त्यालाच ठेव."

त्यांच्या मागे मिनीबस होती आणि मिनीबसच्या मागे हरभऱ्याचं मोकळं रान. मी जाऊन पाहिलं. शेळी बांधली होती तिथे, बाकी कुणी नाही. साउंडवाल्याकडून रेकॉर्डिंग ऐकलं, एकदा नाही, चारदा. माझं वाक्य ऐकू येतं. मग शांतता. मग सरांचं वाक्य. मधे काहीच नाही... ना आवाज, ना कुजबुज.

पॅकअपपर्यंत हेच चाललं. सरांनी त्या सीनमधली आपली सगळी वाक्यं वऱ्हाडीत म्हटली, वहीतल्या क्रमाने. मी कागद घडी करून खिशात ठेवला होता. डायरेक्टर खूश! "सर काय इम्प्रोव्हाइज करतात यार!"

गाडीत बसलो तोच वहिनीचा फोन आला. म्हणजे मोठेबाबांची सून, तीच त्यांचं सगळं करते.

"भाऊजी, आज बाबा दुपारपासून तोंड हालवून राह्यले. आवाज नाही, नुसते ओठ. हालवते, थांबते, पुन्हा हालवते. मले वाटलं पाणी मांगून राह्यले, पाणी देल्लं तं मान फिरवली."

"केव्हापासून?"

"अडीच वाजले असतीन. आता इतक्यात थांबले. काऊन हो?"

मी म्हणालो, काही नाही. उंद्री तिथून शंभरेक किलोमीटर आहे.

तो सीन मालिकेच्या पहिल्याच भागात होता. तो भाग लागला त्या संध्याकाळी मी मुद्दाम उंद्रीला गेलो. एडिटिंगमध्ये सीन जसाच्या तसा राहिला होता, चॅनेलवाल्यांना त्यात 'कंटेंट' दिसला होता. मोठेबाबांना उशीला टेकवून बसवलं. ते वाक्य आलं तेव्हा शेजारपाजारचे हसले, आणि मोठेबाबांचा अर्धा चेहरा हसला. एवढं सुंदर मी टीव्हीवर काही पाहिलेलं नाही, आणि ते टीव्हीवर नव्हतंच.

मग नावं आली. कथाविस्तार, पटकथा, संवाद... तिन्हीसमोर माझं नाव. वहिनी माझ्याकडे बघून उठली आणि चहाच्या कपबशा गोळा करायला लागली. टीव्ही बंद करायला तिने रिमोट उचलला तर मोठेबाबांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. जाहिराती लागल्या. साबण, मसाला, विमा. ते बघत राहिले. पुढची मालिका सुरू झाली, तिची नावं आली, तीही त्यांनी एकेक करून वाचली. लोक उठून गेले. ती मालिकाही संपली, तेव्हा कुठे त्यांनी वहिनीचा हात सोडला. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांचे ओठ हलले नाहीत. सरांनाही मागून वाक्य आलं नाही. उरलेले भाग त्यांनी कसेबसे रेटले, आणि दर सीनला मला विचारायचे, "तुझा तो माणूस कुठे गेला?"

डॉक्टरांना विचारलं, साउंडवाल्याला विचारलं, मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, तू नकळत पुटपुटला असशील. असेल. मग रेकॉर्डिंगमध्ये का नाही? आणि ओठ इकडे माझे हलत होते, की उंद्रीत त्यांचे? मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर संपादकांकडे कळवा.

मोठेबाबा अजून आहेत. डोकं शाबूत आहे, नजर चांगली आहे, आणि वहिनी म्हणते, रोज मालिकेच्या वेळेला, संध्याकाळी सात वाजले की टीव्हीकडे बोट दाखवतात. मालिकेचा दुसरा सीझन मंजूर झालाय, लिहायला मीच आहे. चॅनेलमधली बरीच मंडळी हे सदर वाचतात. म्हणून मोठेबाबांचं खरं नाव मी इथेही लिहिलेलं नाही.