हात लावू का?

पिपरी मेघेत आमच्या समोर राहणारी ती पोरगी कशालाही हात लावायच्या आधी विचारते. चहाची कपबशी उचलायची असो की आमचं फाटक लावायचं असो, "काका, हात लावू का?" मला हे नाटकच वाटायचं.

समुद्रावर शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात, त्यांत ती बातमीदार म्हणून जाते. महिना-महिना बोटीवरच राहते, व्हिडिओ काढते, लिहून पाठवते. एकदा मी चिडूनच म्हटलं, "काऊन सारखं इचारून राह्यली वो?"

ती हसली. "सवय लागली काका. बोटीवर मले रांधता येते, भांडे घासता येते, पण शिडाच्या दोराले हात लावाचा नाई. वादळात बाकीचे दोर ओढून राह्यले, तरी मले कॅमेराच धरा लागते. बातमीदारानं बोट चालवाले मदत कराची नाई, नियमच हाय तसा."

असल्या नियमाचा मला मनातून रागच आला. तिचाही थोडा आला.

गेल्या हिवाळ्यात आमचं लोखंडी कपाट वर न्यायचं होतं. जिना अरुंद, म्हणून आम्ही तिघं ते दोरानं गॅलरीतून वर ओढत होतो. ती बाजूला उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. एकाएकी दोर हातातून सुटायला लागला. खाली माझा भाऊ उभा होता.

तिनं मोबाइल टाकला, दोर धरला आणि गॅलरीच्या खांबाला भराभर दोन वेढे दिले. कपाट भावाच्या डोक्याच्या हातभर वर थांबलं.

तिचे तळवे सोलून निघाले होते. ते पाठीमागे लपवत ती म्हणाली, "सॉरी काका, न इचारता हात लावला."