सदतिसावा हार

यादीत चौतीस कॉम्प्युटर होते आणि नेटवर्कवर सदतीस. पहिली खटकलेली गोष्ट एवढीच. पण मी पेन खाली पडलं तरी दचकणारी. मला वाटलं, कोणीतरी बाहेरचं घुसलंय. आमचे प्लँट हेड सोनवणे सर शांतपणे म्हणाले, "पुन्हा मोज." त्या मोजणीच्या नादात इतके किस्से जमले, की आता मैत्रिणी माझ्याआधी माझ्या कॉम्प्युटरांची खुशाली विचारतात.

आमची कंपनी निघोज्याला, गाड्यांचे प्रेस पार्ट बनवणारी. विंडोज टेनचा सपोर्ट संपत होता, म्हणजे पुढे सिक्युरिटी अपडेट बंद. मोठ्या कस्टमरने कळवलं होतं, की ऑडिटच्या दिवशी नेटवर्कवर असा एक जरी कॉम्प्युटर दिसला, तरी नव्या पार्टचं काम विसरा. सगळे कॉम्प्युटर बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी सगळ्यांत नवी. प्रोबेशनवर. सर म्हणाले, "हे जमव. तुझं कन्फर्मेशनचं पत्र नव्या कॉम्प्युटरवरच टाइप करू."

*

पहिला नंबर डिस्पॅचच्या लताताईंचा. नवा कॉम्प्युटर लावला, सगळ्या फाइली आणल्या आणि जेवणाचा भोंगा झाला म्हणून कँटीनला गेले. दोन घासांत फोन. "अगं, यात माझं काहीच नाही गं!"

धावत गेले. सगळं जागेवर होतं. पण ताईंनी स्क्रीनवरची नावं कधी वाचलीच नव्हती. जुन्या स्क्रीनवर नातवाचा फोटो; त्याच्या डाव्या कानाखाली इनव्हॉइस, हनुवटीवर ई-वे बिल, टोपीवर गाड्यांची यादी. नव्या स्क्रीनवर एक डोंगर होता. डोंगराला कान कुठून आणणार?

नातू परत आणला. तेव्हापासून जुन्या स्क्रीनचा आधी मोबाइलवर फोटो काढायचा, मगच हात लावायचा, हा माझा नियम. पुढे एकाचीही तक्रार आली नाही. सरांनी ऑडिटच्या फाइलमध्ये माझ्या या नियमाला 'इमेज बेस्ड मायग्रेशन' असं भारदस्त नाव दिलं.

*

प्रेस शॉपमधला कॉम्प्युटर उघडला आणि आतून पाल बाहेर आली. माझ्या हातावर.

मी किंचाळले. शेजारच्या ऑपरेटरने लाल बटण दाबलं, त्याला बघून पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने. आख्खी लाइन बंद. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी पालीकडे. गेलं कन्फर्मेशन, असं वाटलं.

सेफ्टी ऑफिसर पळत आले. कोणाला लागलं नाही ना, हे विचारून झाल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. "गेल्या मॉक ड्रिलला याच्या तिप्पट वेळ लागला होता," ते म्हणाले. "मॅडम, पुढच्या ड्रिलला तुम्हीच या."

*

मोजणी काही जुळेना. मी तीनदा मोजले, तीनदा चौतीस. स्टोअरचे कांबळेकाका मला सोडून सगळ्यांना कित्येक वर्षांपासून ओळखतात. त्यांच्याकडे सहज रडगाणं गायले, तर म्हणाले, "पोरी, सदतीसच आहेत."

"काका, तुम्हाला कसं माहीत?"

"खंडेनवमीला हार मी मागवतो. मशिनला मोठे, कॉम्प्युटरला छोटे. छोटे सदतीस. आजवर एक उरला नाही, एक कमी पडला नाही."

नेटवर्क मोजणारं तीन लाखांचं सॉफ्टवेअर जे सांगत होतं, तेच झेंडूचा हिशोब सांगत होता! काकांच्या मागे फिरले. एक सापडला गेटवरच्या वजनकाट्यापाशी, वाळलेल्या हारासकट. दुसरा कँटीनमध्ये, कुपनांच्या खोक्याआड.

"आणि सदतिसावा?"

"तो हार दरवर्षी बाळू इलेक्ट्रिशियन नेतो. कुठे, ते मी कधी विचारलं नाही. पूजेच्या वेळी नसत्या चौकशा करू नयेत."

*

मंगळवार. ऑडिटर आले. छत्तीस कॉम्प्युटर चकाचक. सदतिसाव्याची केबल मेंटेनन्सच्या भिंतीत शिरून गुडुप झालेली. कुठे आहे ते कळलं, तर उपटायला अर्धं मिनिट पुरणार होतं. नेटवर्कची तपासणी दहाच्या चहानंतर.

बाळूभाऊ रजेवर, बहिणीच्या गावी. तिथे रेंज नाही. सकाळी चिखलीहून कंपनीच्या बसमध्ये बसले तेव्हापासून मी फोन लावत होते. सतरा झाले. दहाला दोन मिनिटं कमी होती. काचेपलीकडे ऑडिटरने लॅपटॉप उघडला. सरांनी मला काचेतूनच एक बोट दाखवलं: एक राहिला? मी मान हलवली आणि अठराव्यांदा फोन लावला.

रिंग वाजली. वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला.

"बोला मॅडम."

"बाळूभाऊ, खंडेनवमीचा शेवटचा हार कुठे घातलात?"

तेवढ्यात डोक्यावर दहाचा भोंगा झाला. मी अशी दचकले, की फोन हातातून निसटता निसटता राहिला. भोंगा थांबेपर्यंत पलीकडे बाळूभाऊ हसत होते.

"तितंच हाय की, मॅडम. रोज भोंगा कोन वाजवतंय असं वाटलं तुमाला?"