उसनं हसू

बाबांना ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून जेवताना त्यांचं हसू आमच्यामागून यायचं. कुणी काही गमतीचं बोललं की ते आधी आमचे चेहरे बघत आणि मग हसत. ते उसनं हसू मला कळायचं, पण उपाय सुचत नव्हता. श्रवणयंत्र होतं, तरी चार जण एकदम बोलायला लागले की त्यातून नुसता गलका ऐकू यायचा.

परवा धाकटे काका जेवायला आले. माझ्या बहिणीने बाबांच्या ताटाशेजारी स्वतःचा फोन उभा करून ठेवला. आम्ही बोलू ते त्यावर मराठीत उमटत होतं. काकांना याची कल्पना नव्हती. त्यांनी नेहमीचा किस्सा काढला, "लहानपणी दादा कैऱ्या चोरायला गेला आणि उकिरड्यात पडला."

बाबा वाचत होते. शांतपणे म्हणाले, "पडलास तू. तुला बाहेर मी काढलं, वर आईचा मारही मीच खाल्ला."

आईला हसू आवरेना. आमटीचं भांडं खाली ठेवून ती खुर्चीत टेकलीच.

वय झालं की माणूस अबोल होतो, असं मी धरून चालले होते. पण समोरचं कळलंच नाही, तर बोलायचं तरी काय? बाबांकडे किती गोष्टी साठल्या होत्या. जेवण निवलं तरी ते सांगतच होते, आणि प्रत्येक गोष्टीत काका कुठे ना कुठे पडत होते.

"ते बंद करा बघू आता," काका शेवटी म्हणाले.

बाबांनी तेही वाचलं आणि फोन आणखी जवळ ओढून घेतला.