समोरच्या बारीतून

सोनूबुवा वायंगणकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहा, असं त्यांच्या शिष्यमंडळींनी सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, "बुवांना कळवलंय का?" कारण मी त्यांचा शिष्य नाही, त्यांच्या कोरसातला नाही, त्यांच्या पखवाजाला कधी हातही लावलेला नाही. डबलबारीच्या मंडपात आयुष्यभर मी त्यांच्या समोर बसलो. ज्यांना हरवायचं म्हणून मी पहाटे उठून रियाज केला, त्यांचाच गौरव मी करायचा. दुसऱ्या दिवशी बुवांचा निरोप आला, "मास्तराक सांगा, लिव दे. पण नुसती आरती ओवाळू नको म्हणा."

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. एका मंडपात दोन बाऱ्या बसतात आणि आलटून पालटून गातात. अभंग होतो, गौळण होते, आणि मग येतो गजर. गजरात समोरच्या बुवाला टोमणा मारायचा असतो, आणि त्याने आपली पाळी आली की त्याचं गाऊनच उत्तर द्यायचं असतं. लोक अभंगाला हात जोडतात आणि गजराला सरसावून बसतात.

बुवांची आणि माझी पहिली गाठ पडली ती वालावलीला. मी कुडाळच्या एका शाळेत नुकता रुजू झालो होतो आणि स्वतःला मोठा गवई समजत होतो. बुवा रापणकरांच्या घरातले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोर धरून ओढायचं ते भलंमोठं जाळं. मी गजरात विचारलं, की बुवा गातात की रापणीला माणसं बोलावतात? मंडप हसला. मी खूश झालो.

मग बुवांची बारी सुरू झाली. काळी चारच्या उंच पट्टीत त्यांनी जो आवाज लावला, तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि आजही तो आठवला की येतो. अभंग संपेपर्यंत आपण समोरच्या बारीत आहोत हेच मी विसरलो होतो. गजरात त्यांनी शाळेची हजेरी घ्यायला सुरुवात केली. माझ्या कोरसातल्या एकेकाचं नाव त्यांनी सुरात घेतलं आणि अख्खा मंडप "हजर" म्हणू लागला. शेवटी ते थांबले, पेटीवरचा हात उचलला आणि हळूच म्हणाले, "मास्तर?" मंडप गप्प. बुवांनी समेवर येऊन शेरा दिला, "गैरहजर!" कुडाळच्या बाजारात पुढे कित्येक महिने लोक मला हजेरी विचारत होते.

पण त्यांचे टोमणे गाण्यापलीकडे कधी गेले नाहीत. बांद्याच्या एका बारीत त्यांच्या कोरसातल्या एका गड्याने माझ्या पखवाजवाल्याच्या तोतरेपणाची नक्कल केली. बुवांनी पेटी बंद केली, त्या गड्याला उठवून आमच्या बारीपर्यंत नेलं, माफी मागायला लावली आणि मग गजर पहिल्यापासून धरला. तो गडी आज स्वतः बुवा आहे, आणि तोही ही मर्यादा पाळतो.

खारेपाटणला माझ्या पाळीत वीज गेली. माइक बंद पडला, मागच्या लोकांना काही ऐकू येईना. माझा आवाज मुळातच बेताचा. तेवढ्यात समोरून माझ्याच गजराचं ध्रुपद ऐकू आलं. बुवांनी आपल्या सगळ्या कोरसाला ते धरायला सांगितलं होतं. समोरच्या बारीला आवाज देणं, असं आमच्या धंद्यात कोणी करत नाही. अर्थात वीज आल्यावर त्यांनी त्यावरूनही माझी खेचलीच.

आणि दोन वर्षांपूर्वी बुवांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज मात्र गेला. राहिली ती एक घोगरी कुजबुज. बुवा आता मंडपात बसणार नाहीत, असं सगळेच धरून चालले होते. पण त्यांच्या गावच्या सप्ताहाची बारी त्यांनी स्वतःहून घेतली आणि समोर मलाच बोलावलं. संध्याकाळी बारी सुरू होण्याआधी वहिनी, म्हणजे बुवांच्या पत्नी, मला मंडपाच्या कडेला घेऊन गेल्या. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "मास्तरानू, आज तेंका जरा सांभाळून घेवा."

पहिली बारी माझी होती. मी सांभाळून घेतलं. गजरात एकही टोमणा मारला नाही, उलट बुवांची स्तुती गायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी नाही वाजवल्या. आपली पाळी आल्यावर त्यांनी तोंड माइकच्या अगदी जवळ नेलं.

"मास्तर, माझो आवाज गेलो हा. मी अजून हंयच आसंय. तुका टोमणो मारुचो नसात, तर समोर बसा नको."

आणि त्यांनी पेटी पुढे ढकलली. मला एकदम कळलं, की आम्ही सगळे प्रेमाने त्यांना निवृत्त करत होतो, आणि ते एकटे त्याला विरोध करत होते. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि होकारार्थी मान हलवली. मी लगेच पट्टी चढवली आणि गजरात विचारलं, की बुवांनी आवाज समुद्रात टाकला, तो आता कुठल्या रापणीत गावणार?

मंडपात एकही माणूस हसला नाही. हसले ते एकटे बुवा. त्यांनी पेटी पुन्हा जवळ ओढली आणि त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "रापण लावलेली आसा. दोर ओढूक माणसां होयी." त्यांनी ध्रुपदाचा पहिला शब्द तेवढा उच्चारला. पुढचा मंडपाने धरला. बायका, पोरं, दुकानातून उठून आलेले लोक, माझा स्वतःचा कोरस, सगळे ओढू लागले. बुवा एकेक शब्द सोडत होते आणि गाव तो काळी चारमध्ये परत आणत होतं. मी आयुष्यात पुष्कळ गाणं ऐकलं, पण गळ्याशिवाय गाणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. शेवटी मीही झांज खाली ठेवून त्यांच्याच बाजूने गायलो.

तेव्हा बुवा, आरती इथेच संपली. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मी रवळनाथाला सांगून आलो आहे, पण त्यात माझा स्वार्थ आहे. वालावलीचं उत्तर अजून माझ्याकडून यायचं आहे. येत्या सप्ताहात, आणि त्यानंतरच्या प्रत्येक सप्ताहात, गजर थांबवून मी हजेरी घेणार आहे. सगळा मंडप गप्प राहील. मी नाव घेईन, "सोनूबुवा?"

कितीही बारीक आवाजात म्हणा. मला समोरून ऐकू येईल.