आम्ही नुसती चाल वाजवत होतो!

आमच्या बँडमध्ये किस्से गोळा करावे लागत नसत. वरात संपवून वाद्यं पुसायला घ्यावीत, तोवर एखादा नवा तयार झालेला असायचाच. लग्नसराईच्या एका मोसमात इतके साठायचे की पावसाळाभर बँडच्या दुकानात बसून सांगितले तरी पुरून उरायचे!

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात क्लॅरिनेट वाजवायचो. एरवी कचेरीत टायपिस्ट. मुहूर्त असला की रजा टाकायची, लाल कोट चढवायचा, सोनेरी झालरीची टोपी घालायची आणि निघायचं. बँड दत्तू मास्तरांचा. ते ट्रम्पेट वाजवायचे. मोठा ढोल हिंदुरावकडे. त्याचं तोंडही ढोलाइतकंच मोठं! आमच्याकडं गायक नव्हता. म्हणजे शब्द एकही नाही, नुसती चाल. तरी इतक्या वर्षांत आमची लोकांशी जेवढी भांडणं झाली, ती सगळी शब्दांवरूनच!

* * *

शिरोळकडचं एक लग्न. पाठवणीची वेळ. नवरा-नवरी सजवलेल्या ट्रॉलीत बसलेली, ट्रॅक्टर सुरू झालेला. आम्ही त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं. त्याचे शब्द होते, 'फिरून ये गं, फिरून ये.' झकास ठेका होता, पोरं नाचायला लागली.

एवढ्यात नवरीचा मामा हात वर करत आडवा आला. "ए बंद करा! पोरगी आत्ता कुटं सासरला निघालीया, आन तुम्ही तिला माघारी ये म्हणताय?"

मास्तर म्हणाले, "अवो पावणं, आमी कुटं काय म्हणतोय? आमी नुसतं फुकतोय!"

"तुम्ही फुकताय, पर ऐकू काय येतंय? आख्ख्या गावाला 'फिरून ये' ऐकू येतंय की!"

हे ऐकून नवऱ्याचा बाप पुढं सरसावला. "मग काय बिघडलं? म्हायेराला चार दिस जाईल, तवा नवऱ्याकडं फिरून ये, असं हाय ते. वाजवा ओ!"

"न्हाय वाजवायचं!"

"वाजवायचं!"

दोन्हीकडचे पाहुणे गोल करून उभे राहिले. कुणी पहिलं कडवं म्हणून दाखवतंय, कुणी दुसरं. पाहुण्यांतल्या एका शाळामास्तरांनी तर 'फिरून' या शब्दाचे तीन अर्थ सांगितले. ट्रॅक्टर जागेवरच धडधडतोय. वर चैत्रातलं ऊन. शेवटी नवरीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि ट्रॉलीतनं ओरडली, "मामा, मी फिरून येती न्हायतर येत न्हाय, ते मागनं बघू! आदी मला जाऊ तर दे की!"

* * *

मास्तरांच्या स्वतःच्या घरातही हेच. नवीन गाणं आलं की मास्तर समोरच्या हॉटेलातल्या रेकॉर्डवर कान लावून चाल उचलायचे. शब्दांकडं त्यांचं लक्षच नसायचं. असंच एक गाणं त्यांनी चार दिवस घरी घासलं. सकाळी आंघोळीआधी, संध्याकाळी चहानंतर.

चार दिवस वहिनी त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट आपटून ठेवायच्या. पाचव्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "झालंय तरी काय?"

वहिनी म्हणाल्या, "तोंडानं सांगायची हिंमत न्हाय, म्हणून पितळंतनं सांगताय व्हय?"

त्या गाण्याचे शब्द होते, 'नको दाखवू तोंड मला!'

मास्तर काकुळतीला आले. "अगं, देवाशपथ सांगतो, मला त्यातला एक शब्द ठावं न्हाय!"

"शब्द ठावं न्हाईत, तर एवढं मनापासनं कसं वाजवताय?"

ते गाणं त्या मोसमात आम्ही एकदाही वाजवलं नाही. लोकांनी मागितलं की मास्तर म्हणायचे, "त्येला घरी बंदी हाय."

* * *

जोतिबाला एक घराणं नवस फेडायला निघालं होतं, आम्हाला घेऊन. पायऱ्या चढताना मास्तरांनी एक संथ चाल धरली. 'तुझ्या पायी पडून राहीन, दूर मला लोटू नको.' सगळ्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. एकीच्या डोळ्यांतनं पाणी. एक आजी तर मी वाजवत असतानाच माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, "किती गोड अभंग हाय रं लेका!"

आता हे गाणं सिनेमात एक दारुडा बाटलीला मिठी मारून म्हणतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढच्या वळणावर मी मास्तरांच्या कानात म्हणालो, "बदलूया का?"

मास्तर काही बोलायच्या आधीच हिंदुराव मागून म्हणाला, "कशाला बदलायचं? मी बी ते भक्तीनंच वाजवतोय. देव तेवढा न्यारा हाय!"

* * *

एका शाळेच्या झेंडावंदनाला आम्हाला बोलावलं होतं. आमच्याकडं देशभक्तीची गाणी दोन. ती दोन-दोनदा वाजवून झाली, तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. मग मास्तरांनी एका प्रेमगीताला कवायतीचा ठेका दिला. 'रात सरली, तू न आली.' पोरं त्यावर झकास संचलन करायला लागली.

नेमके तेवढ्यात पाहुणे आले. खूश झाले. "वा! हे कोणतं देशभक्तीचं गीत म्हणायचं?" हेडमास्तरांनी मराठीच्या सरांकडं बघितलं.

सर मोठे हजरजबाबी. माइक घेऊन त्यांनी पंधरा मिनिटं अर्थ सांगितला. रात म्हणजे पारतंत्र्य. 'तू' म्हणजे स्वातंत्र्यदेवता. वाट बघणारा तो प्रियकर नव्हे, तो अवघा समाज! पाहुण्यांनी मान डोलावली. आम्हीसुद्धा छाती पुढं काढून उभे राहिलो. आपण इतकं थोर काही वाजवतोय, हे आम्हाला आजच कळत होतं!

तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, मग पुढच्या ओळीत तो तिच्या खिडकीवर खडे का मारतो?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तो भाग आठवीला आहे!"

त्या वर्षी म्हणे सातवीतलं एकही पोर नापास झालं नाही.

* * *

एका गावात दूध सोसायटीची निवडणूक होती. एक उमेदवार मिरवणुकीसाठी आम्हाला घेऊन गेले. त्यांना एकच गाणं पाहिजे होतं, 'आज हसशील, उद्या रडशील.' विरोधकाच्या दारात थांबून अर्धा तास वाजवायला लावलं. विरोधक पायरीवर बसून शांतपणे ऐकत होता. मधूनच ताल धरत होता.

निकाल लागला, तो विरोधक निवडून आला. दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस आमच्या दुकानात हजर.

मास्तर म्हणाले, "कंचं गाणं वाजवायचं?"

"गाणं तेच. तवा चौकातनं डाव्या हाताला आमच्या दारात आला हुता, आता तेवढं उजव्या हाताला त्यांच्या दारात वळा!"

* * *

आता नेसरीकडचं सांगतो.

एका सकाळी दुकानात एक शेतकरी आले. साठीचे, अंगानं धिप्पाड, डोक्याला पटका. नाव भाऊराव. पटक्याची उगाच चाळवाचाळव करत ते दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, ते आईचं गाणं येतंय का तुमास्नी?"

"कंचं?"

"रेडिओवर लागतंय बगा. हिंदी हाय." आणि त्यांनी आपल्या जाड्याभरड्या आवाजात म्हणून दाखवलं, "अव्वा, अव्वा, दूर ना जा..."

ते गाणं खरं तर 'अब आ, अब आ, दूर ना जा' असं होतं. सिनेमात क्लबातली नाचणारी ते म्हणते. पण भाऊरावांची आई कर्नाटकातली. घरात सगळे तिला कानडी रीतीनं अव्वाच म्हणायचे. त्यांना त्यात दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं!

हिंदुरावनं हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. मास्तरांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तो तसाच राहू दिला.

"येतंय की," मास्तर म्हणाले. "का वाजवायचंय?"

"अव्वाला नव्वदावं लागलं. औंदा लई आजारी पडलीती. डाक्टरनं आशा सोडल्याली. उठून बसली बगा! म्हणून गावाला जेवाण घालतोय. तिच्या म्होरं ते गाणं वाजाय पायजे." मग ते खाली बघून म्हणाले, "मला काय बोलाय येत न्हाय. ते गाणं बराबर बोलतंय."

आम्ही गेलो. अंगणात मांडव, पंगती मांडलेल्या. अव्वा खुर्चीत बसलेली, मूठभर जीव, नवी इरकली साडी. मास्तरांनी ती क्लबातली चाल एवढी संथ केली, एवढी संथ केली की मला ओळखू येईना. हिंदुराव ढोलाला नुसती बोटं लावत होता.

भाऊरावांचा मुंबईला शिकणारा पुतण्या हसत पुढं आला. "काका, अहो, हे गाणं कुठलं माहीत आहे का? हे तर त्या..."

हिंदुरावनं ढोलावर असा दणका घातला की त्याचं पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही. पुतण्यानं परत तोंड उघडलं, परत दणका! तिसऱ्यांदा तो बिचारा आपणहून पंगतीत जाऊन बसला.

अव्वाला ऐकायला कमी यायचं. तिनं कानाला हात लावून लेकाला विचारलं, "काय म्हणतोय रं ह्यो बाजा?"

भाऊराव तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. डोळ्याला पटक्याचा शेव लावून म्हणाले, "अव्वा, लांब जाऊ नगंस म्हणतोय."

अव्वानं मांडवाकडं बघितलं. वाढप्यांच्या हातांतल्या परातींकडं बघितलं. मग आम्हा लाल कोटवाल्यांकडं बघून मान हलवली.

"त्यास्नी सांग, जेवल्याबिगर मी कुटं बी जात न्हाय म्हणावं!"