मागितलेली खुर्ची

अजूनही कधीकधी पहाटे अर्धवट झोपेत मला रमणलाल शेठचं पॅकहाऊस दिसतं. नारायणगावहून जुन्नरकडे जाताना उजव्या हाताला, द्राक्षबागांच्या मधोमध. कोल्डरूमचं दार उघडलं की पांढरी वाफ जमिनीवरून पसरत यायची, आणि त्या वाफेत घोट्यापर्यंत बुडालेल्या पंचेचाळीस बायका पांढऱ्या टोप्या घालून गोल करून उभ्या असायच्या. मध्ये निजामभाई. बाहेर धुकं, आत वाफ, आणि लेण्याद्रीचा डोंगर खालून कापून काढल्यासारखा वरच्या वर तरंगत असायचा. त्या वेळी कुणी मोठ्याने बोलत नसे. स्वप्नात मी त्याच गोलात उभी असते आणि माझी बोलायची पाळी अजून आलेली नसते.

निजामभाई कागदी तिथले मॅनेजर. जुन्नरच्या कागदी घराण्यातले. त्यांचे पूर्वज हातकागद बनवायचे, पुढे तो धंदा बुडाला आणि आडनाव तेवढं उरलं. शिक्षण चौथी. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी, आणि बोलणं इतकं सावकाश की त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत चलाख बाईने अर्धी पेटी भरावी. मी १९९७ साली तिथे मालाची क्वालिटी बघायला लागले. माझ्याकडे शेतकीचा डिप्लोमा होता, शिवाय पुण्याच्या एका संस्थेचा व्यवस्थापनाचा कोर्स पोस्टाने चालू होता. त्यामुळे जगातलं सगळं मला कळत होतं, असा माझा समज होता.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी निजामभाई ‘मशवरा’ करायचे. आज कुणाची बाग तोडायची, कुठला माल आधी गार करायचा, कुणाला कात्रीने खराब मणी छाटण्याच्या कामावरून पेटी भरायला घ्यायचं, हे सगळं सगळ्यांना विचारायचे. विचारण्याची रीत ठरलेली. जी बाई सगळ्यांत शेवटी कामाला लागली, ती सगळ्यांत आधी बोलणार. मग तिच्या आधीची. असं करत करत साळुबाईपर्यंत, जी पॅकहाऊसचा पाया खणला तेव्हापासून तिथे होती. मग मी, मग निजामभाई, आणि शेठ हजर असले तर ते सगळ्यांत शेवटी. लाखोंची उलाढाल करणारे शेठ टोपी घालून पंचेचाळीस बायकांचं ऐकत उभे राहायचे आणि घड्याळाकडे बघायचीही त्यांची छाती व्हायची नाही.

“मोठा आधी बोलला की बाकीच्या नुस्त्या माना हलवत्यात,” निजामभाई म्हणायचे.

माझा जीव वर-खाली व्हायचा. दारात कंटेनर उभा, आणि इथे नव्या आलेल्या पोरीला विचारतायत, तुला काय वाटतं? मी मोजलं होतं, रोजची वीस मिनिटं जायची. माझ्या कोर्सच्या पुस्तकात चौकोनांची एक उतरंड छापलेली होती. सगळ्यांत वरच्या चौकोनातून बाण खाली येत होते. खालून वर जाणारा एकही बाण नव्हता. मी एकदा ते पान त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “चित्र चांगलं हाय.”

“तुम्ही हे कुठून शिकलात?” मी विचारलं.

“वडलांकडनं. अन् मशिदीतल्या जुम्म्याच्या बयानातनं. आमच्यात सांगितलंय, काम ज्याच्या अंगावर पडणार, त्याला इचारून करावं. माझ्या पदरचं त्यात काय न्हाई.”

मला वाटायचं, कधीतरी हा मशवरा तोंडघशी पडेल आणि मग सगळं पुस्तकाप्रमाणे सुरू होईल. तो दिवस १९९९च्या मार्चमध्ये आला. गेणभाऊंची काळ्या द्राक्षांची बाग तोडायची होती. माझ्या यंत्रात गोडी पुरेशी दिसत होती. निजामभाईंचंही मत होतं की आजच तोडावी. बायका म्हणाल्या, अजून दोन दिवस थांबा, मणी अजून आंबूस लागतायत. पंचेचाळीस तोंडांपुढे आमची दोन. थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारी भीमाशंकरकडून ढग आले, तासभर पाऊस पडला आणि अर्ध्या बागेतले मणी तडकले.

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं, पण आतून गुदगुल्याही झाल्या. आता तरी हे थांबेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका खाली माना घालून उभ्या होत्या. निजामभाई आले, नेहमीच्या जागी उभे राहिले आणि सगळ्यांत नव्या पोरीला म्हणाले, “बोल बाई, आज कुठली बाग?”

ती पोरगी रडायलाच लागली. त्यांनी ती शांत होईपर्यंत वाट बघितली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

मी त्यांना बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “ताई, आमच्या पैगंबरांनी एकदा सोबत्यांचं ऐकलं अन् लढाईत लई नुकसान झालं. तरी वरनं हुकूम आला, त्यांना माफ कर, अन् पुन्हा त्यांनाच इचार. चुकले म्हणून इचारायचं सोडलं, तर पुढच्या खेपेला खरं कोण सांगंल?”

गेणभाऊंकडे मात्र ते एकटे गेले. बायकांचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. “इच्यार सगळ्यांचा व्हता, पर चूक माझी,” एवढंच सांगून आले. गेणभाऊंनी पुढल्या वर्षी बाग पुन्हा आम्हालाच दिली. का दिली, ते मला माझ्या पुस्तकात सापडलं नाही.

ती वर्षं कशी गेली, नीट आठवत नाही. आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. गार द्राक्षांवरची पांढुरकी लव, कात्र्यांचा एकसारखा बारीक आवाज, दुपारच्या सुटीत निजामभाई एका कोपऱ्यात खाली पोतं अंथरून नमाज पढायचे तेव्हा आपोआप हलक्या होणाऱ्या बायकांच्या गप्पा. मला तिथून घरी जावंसं वाटायचं नाही. आणि हळूहळू एक गोष्ट मनात घर करून बसली. हे सगळं एक दिवस माझ्या हाताखाली हवं होतं. निजामभाईंची ती पत्र्याची खुर्ची मला हवी होती.

२००४च्या हंगामात त्यांच्या दम्याने उचल खाल्ली. डॉक्टरांनी बजावलं की कोल्डरूमच्या दाराशीसुद्धा जायचं नाही. शेठ म्हणाले, “निजामभाई, तुमच्या जागी कोण, ते तुम्हीच ठरवा.”

मी काय केलं? नारायणगावच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये जाऊन इंग्रजीत अर्ज टाईप करून घेतला. माझी पात्रता, माझा अनुभव, मी आल्यापासून परत आलेल्या पेट्यांचं कमी झालेलं प्रमाण, सगळं मुद्देसूद. आणि तो अर्ज इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या हातात नेऊन दिला.

“काय लिवलंय?”

“मॅनेजरची जागा मला द्या, असं लिहिलंय.”

त्यांनी कागद बोटांत धरून त्याची जाडी बघितली, ती त्यांची सवयच होती, आणि नीट घडी करून खिशात ठेवला. “ताई, हे दिलं नसतं तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “तुमचं नाव माझ्या मनात व्हतं. आमच्यात सांगितलंय, जो हुद्दा मागतो, त्याला देऊ न्हाई. न मागता आला तर वरनं मदत येती. मागून घेतला तर माणूस एकटा पडतो.”

मला असा संताप आला! सात वर्षं राबायचं, आणि तोंड उघडलं म्हणून नापास? “आणि मुनाफने मागितली नाही का?” मी फटकन विचारलं.

मुनाफ त्यांचा एकुलता एक मुलगा. भोसरीचा कारखाना बंद पडल्यावर बायको आणि लहान मुलीला घेऊन जुन्नरला परत आला होता. पॅकहाऊसमध्ये येऊन दोन-तीनदा ट्रकवाल्यांशी बोलून गेला होता, आणि खुर्ची त्याचीच, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

“मागितली,” निजामभाई म्हणाले. “त्याला तुमच्या आधीच न्हाई म्हणलोय. जैनबी चार दिस माझ्याशी बोलत न्हाई.” जैनबी म्हणजे त्यांची बायको. एवढं बोलून त्यांना धाप लागली.

एप्रिलमध्ये शेवटचा कंटेनर गेला आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा मशवरा भरला. या वेळी बाहेर, शेडच्या सावलीत, कारण आत त्यांना सोसत नव्हतं. शेठही आले होते. प्रश्न एकच होता, निजामभाईंनंतर कोण? पेट्यांच्या थप्पीला टेकून मी उभी राहिले.

सगळ्यांत नवी होती कुशाबाई. आंबेगावच्या डोंगराकडची, त्याच हंगामात आलेली, दिवसाकाठी चार शब्द बोलणारी. ती पायाकडे बघत म्हणाली, “पराचीताई.”

पुढची म्हणाली, “प्राचीताईच.” तिच्या पुढची तेच म्हणाली. मला खरं वाटेना. या बायकांना मी सात वर्षं सडलेल्या मण्यावरून, वाकड्या लेबलावरून, टोपीतून बाहेर आलेल्या बटेवरून टोकत आले होते. निजामभाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“एक गोष्ट तुमाला ठावं न्हाई,” ते म्हणाले. “ताईंनी जागा मागितलीय. मागणाऱ्याला द्यायची न्हाई, हा माझा नेम हाय. दुसरं नाव सांगा.”

वारा पडला होता. मग साळुबाईने पाळी सोडून तोंड उघडलं, माझ्या सात वर्षांत पहिल्यांदाच.

“निजामभाऊ, मी लई अडाणी हाय. पर एक सांगा. बाईनं न मागता तिला कुनी काय दिलंय का कदी? पुरुषाच्या दारात लोक इचारायला येत्यात. बाईच्या दारात कोन येतं? तिनं तोंड उगडलं न्हाई तर तुमाला कळनार तरी कसं?”

“तिचं नाव माझ्या मनात व्हतं, साळुबाई.”

“तुमच्या मनात व्हतं. तिला कुटं दिसत व्हतं ते?”

निजामभाई खाली एका रिकाम्या पेटीवर बसले. “मागून घेतलं की माणूस एकटा पडतो,” ते सावकाश म्हणाले. “भीती ती हाय, बाई. मला तिची भीती वाटती.”

साळुबाई हसली. “अवं, एकटी कशी पडंल? आमी पंचेचाळीस जनी मग हितं कशाला हाय?”

माझे डोळे भरून आले. एकटी पडण्याचा विचार मी केलाच नव्हता. खरं तर त्या उतरंडीतल्या सगळ्यांत वरच्या चौकोनात एकटीने बसायचीच मला हौस होती.

बाकीच्या सगळ्यांनीही माझंच नाव घेतलं. माझं मत मी दिलं नाही. मग निजामभाईंची पाळी आली.

“माझ्या मनात माझं पोरगं हाय,” ते म्हणाले. “रोज सकाळी उठलो की त्याचंच नाव येतं. नात घरात खेळत असती, अन् वाटतं ही हितंच ऱ्हावी. तुमी दुसरं नाव सांगा म्हणलो, तवा कुणीतरी मुनाफ म्हणंल, अशी आशा व्हती मला. म्हणून माझं मत धरू नका. माझ्या हातातली ही अमानत हाय. माझ्या घरची वस्तू न्हाई.”

शेवटची पाळी शेठची. त्यांनी माझ्या नावाला मान डोलावली आणि टोपी काढून घाम पुसला.

आठ दिवसांनी मी पेढे घेऊन जुन्नरला त्यांच्या घरी गेले. दार उघडं होतं. जैनबी आतल्या खोलीत होत्या, त्यांच्या बांगड्या ऐकू आल्या, पण त्या बाहेर आल्या नाहीत. निजामभाईंनी स्वतः चहा केला. दारात त्या दोघांच्याच चपला होत्या. मुनाफ बायको-मुलीला घेऊन सुरतेला मेव्हण्याकडे गेला होता, कायमचा.

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी एक उचलला, कपाळाला लावला आणि बशीत ठेवला.

“ताई, खूश हाय ना तुमी?”

“हो,” मी म्हटलं. मग धीर करून विचारलं, “आणि तुम्ही?”

“मी न्हाई,” ते म्हणाले. आवाजात रागाचं नाव नव्हतं. “खुर्ची बरोबर हातात गेली. पुन्हा ठरवायची येळ आली तरी हेच करीन. पर सकाळी नातीचा आवाज येत न्हाई, अन् मला रडू येतं. बरोबर वागलं की बरं वाटतं, असं तुमच्या पुस्तकात लिवलंय का?”

“नाही,” मी म्हटलं. खरं तर तसंच काहीतरी शेवटच्या धड्यात लिहिलेलं होतं.

चहात साखर फार पडली होती. आत जैनबी हुंदका दाबत होत्या आणि आम्ही दोघं ते ऐकू येत नसल्यासारखे बसून होतो. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि जी खुर्ची मी मागून घेतली होती, तिची मला पहिल्यांदा भीती वाटली.